चीज फार्म दाखवशील गं, पण जेवायचं कुठे?

नेदरलँड्समधल्या मराठी घरांचा पाहुण्यांसाठी एक ठरलेला कार्यक्रम असतो. एप्रिल-मेमध्ये आले तर कोकेनहॉफचे ट्युलिप, कधीही आले तरी पवनचक्क्या, आम्सटरडॅमचे कालवे, खीटहोर्नची होडी, आणि हे सगळं उरकलं की चौथ्या-पाचव्या दिवशी कोणीतरी म्हणतंच, अगं ते चीज कसं करतात ते बघायचं राहिलंच की. इथपर्यंत ठीक आहे. पण त्याच्यामागून लगेच दुसरं वाक्य येतं, "आणि तिथेच जवळपास कुठेतरी छानसं जेवू", आणि माझ्या मते इथल्या यजमानाची खरी परीक्षा या दुसऱ्या वाक्यात आहे.

कारण चीज फार्म शोधायला डोकं लागत नाही. टुरिस्ट लोकांसाठीच्या जागा तर ढिगाने आहेत, पारंपरिक कपडे घातलेली मुलगी पाच-दहा मिनिटं छान बोलते, पाठीमागे तांब्याची मोठी कढई चकाकत असते, आणि बाहेर पडायच्या वाटेवर दहा प्रकारच्या चीजचे तुकडे चाखायला मांडलेले असतात, लोक दोन फेऱ्या मारतात आणि तिथेच अर्धं पोट भरतात. तिथे जेवणाचा प्रश्न येतच नाही. प्रश्न येतो खऱ्या फार्मवर. म्हणजे जिथे मागे खरोखर साठ-सत्तर गाई आहेत, शेणाचा आणि मुरघासाचा आंबूस वास आहे, आणि चीज हे दाखवायला नाही तर विकायला केलं जातं. तिथून बाहेर पडलात की समोर रस्ता, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाण्याचे चर, त्यापलीकडे गवत, आणि त्यापलीकडे अजून गवत. उडपी नाही, धाबा नाही, साधी टपरी नाही.

माझी मावशी आणि काका सांगलीकडून आले तेव्हा मी त्यांना अशाच फार्मवर न्यायचं ठरवलं, त्याला कारण काका होते. काकांची सगळी नोकरी दूध संकलनात गेली. फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ), सकाळचं दूध, संध्याकाळचं दूध, कोणाच्या कॅनमध्ये पाणी आहे हे नुसत्या धारेवरून ओळखणारा माणूस. त्यांना तांब्याची कढई दाखवून भागलं नसतं. आणि मावशी म्हणजे पक्की शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, शिवाय साडेबारा वाजले की तिला ताट लागतं. हे दोघं एका गाडीत, जेवायच्या वेळेला, क्रिम्पेनरवार्डमध्ये. आता बोला.

क्रिम्पेनरवार्ड म्हणजे रॉटरडॅमच्या पूर्वेला, लेक आणि हॉलंडसे आयसल या दोन नद्यांच्या मधला सपाट ओला पट्टा. उत्तरेच्या टोकाला गौडा शहर, दक्षिणेला लेकच्या काठावर स्खोनहोवन नावाचं चांदीकामासाठी प्रसिद्ध असलेलं गाव, आणि मधे हास्त्रेख्त, व्लिस्ट, स्टोलवाइक अशी गावं. गौडा चीज गौडात होत नाही, तिथे ते विकलं जायचं. आजूबाजूच्या शेतकऱ्यांनी चीज करायचं आणि गौडाच्या बाजारात वजन करून विकायचं. तिथली 1668 ची वजनकाट्याची इमारत अजून उभी आहे आणि उन्हाळ्यात गुरुवारी सकाळी तिच्यासमोर बाजार भरतो, आता तो बराचसा फोटोंसाठी असतो पण मजा येते, दोघंजण एकमेकांच्या तळहातावर टाळ्या देत भाव ठरवतात ते बघून काका एकदम खूष, म्हणे आमच्याकडे बैलबाजारात रुमालाखाली बोटं धरायचे, इथं उघड्यावर चाललंय.

रॉटरडॅमहून हायवेने गौडाकडे जाताना नीवरकेर्कजवळ देशातला सगळ्यात खोल भाग लागतो, समुद्रसपाटीपेक्षा 6.76 मीटर खाली. मी हे गाडीत सांगितलं तर मावशीने पाय वर घेतले. पण जेवणाचा प्रश्न मुळात या पाण्यापाशीच येऊन थांबतो, म्हणून थोडं सांगते. हा सगळा भाग म्हणजे पीटची, कुजक्या वनस्पतींच्या थरांची दलदल होती. साधारण हजार वर्षांपूर्वी लोकांनी चर खणून तिचं पाणी काढलं, लांबच लांब अरुंद पट्टे पाडले आणि सुरुवातीला धान्य पिकवलं. पण पीटमधलं पाणी काढलं की त्यात हवा शिरते, ते हळूहळू कुजून संपत जातं आणि जमीन खाली बसते. जमीन बसली की पाणी पुन्हा वर. काही शतकांत ती इतकी ओली झाली की धान्य येईना, येत होतं ते गवत. गवत म्हणजे गाय, गाय म्हणजे दूध, आणि दूध टिकवायचं म्हणजे चीज. जमीन अजूनही दरवर्षी काही मिलिमीटर खचतेच आहे. तर अशा जागी गव्हाचं शेत नाही, भाजीचा मळा नाही, आणि वस्ती सगळी चराच्या कडेने एका ओळीत पसरलेली, म्हणजे चौक नाही, आणि चौक नाही म्हणून हॉटेल नाही. तुम्ही जे बघायला आलात त्याच कारणाने तुम्ही उपाशी राहता, एवढी साधी गोष्ट आहे.

त्यात वेळेचा घोळ. चीज बघायचं तर सकाळीच जायला लागतं. पहाटेची धार काढून झाली की ते कोमट दूध सरळ टाकीत जातं, त्यात विरजण आणि रेनेट, म्हणजे दूध बसवणारा पदार्थ, घालतात, अर्ध्या-पाऊण तासात ते घट्ट बसतं, मग तारांच्या सुऱ्यांनी कापतात. निवळीचा काही भाग काढून त्या जागी गरम पाणी घालतात, त्याने दह्यातली साखर धुऊन निघते आणि गौडाला ती गोडसर, कमी आंबट चव येते. मग साचे, दाब, नंतर मिठाच्या पाण्यात काही दिवस बुडी, आणि शेवटी लाकडी फळ्यांवर ओळीने मांडून रोज उलटवत बसायचं. बघण्यासारखं जे आहे ते अकरापर्यंत संपतं. दुपारी एकला गेलात तर ओली फरशी आणि पाणी मारणारी बाई, बास. म्हणजे तुम्ही सकाळी नऊला तिथे, साडेअकराला सगळं बघून मोकळे, आणि बाराला पोटात कावळे.

काकांचं काय झालं ते सांगायलाच हवं. शेतकरी पन्नाशीचा, उंच, लालबुंद, इंग्रजी बऱ्यापैकी. काकांचं इंग्रजी कामापुरतं. पहिला प्रश्न काकांचा, "फॅट?" तो म्हणाला चार पॉइंट चार. काकांनी माझ्याकडे बघितलं, मला वाटलं तो काहीतरी चुकीचं बोलला. काका म्हणाले, "अगं पोरी, या एचएफच ना?" हो, काळ्या-पांढऱ्या, होल्स्टीन-फ्रीजियन, ज्यांचं मूळच हॉलंडच्या उत्तरेकडचं फ्रीसलंड, आणि ज्यांचे संकर पश्चिम महाराष्ट्रातल्या प्रत्येक गोठ्यात एचएफ या नावाने उभे असतात. "आपल्याकडं गायीच्या दुधाचा दर साडेतीन फॅट आणि साडेआठ एसएनएफवर काढतात, एचएफला तेवढं लागलं तरी माणूस पेढे वाटतो, आणि ह्यांच्याकडं चार पॉइंट चार!" मग वैरण काय, पेंड किती, पाण्याचं कसं, दुधाचा दर कशावर, हे सगळं मला मधे उभं राहून भाषांतरावं लागलं. इथे दर फॅट आणि प्रोटीनवर ठरतो हे ऐकून काका म्हणाले बरोबर आहे, चीज प्रोटीनचं होतंय ना. एक किलोला साधारण दहा लिटर दूध लागतं, हे शेतकऱ्याने सांगायच्या आतच काकांनी फळीवरच्या बारा किलोच्या चाकाकडे बोट करून सव्वाशे लिटर म्हणून टाकलं. शेतकऱ्याने त्यांच्या खांद्यावर थाप मारली. डच माणूस अनोळखी माणसाच्या खांद्यावर सहसा थाप मारत नाही, हे इथे राहणाऱ्यालाच कळेल.

मावशीचं वेगळंच. तिला एकच कळत होतं की हे दूध तापवलेलं नाही. आपल्याकडे दूध घरात आलं की आधी गॅसवर, मग बाकीचं बोलणं. आणि इथे तो माणूस अभिमानाने सांगतोय की आमचं चीज कच्च्या दुधाचं आहे. त्याला अभिमान असणारच, कारण बूरेनकास, म्हणजे शेतकऱ्याच्या घरचं चीज, हे नाव लावायला युरोपातले नियम आहेत, 2007 पासून. दूध कच्चं, 40 अंशांच्या वर नेलेलं नाही, किमान निम्मं आपल्याच गोठ्यातलं, आणि धार काढल्यापासून 40 तासांच्या आत चीज करायला घ्यायचं. सुपरमार्केटमधलं पिवळं चीज पाश्चराइज्ड दुधाचं, वर्षभर एका चवीचं. हे वर्षभर बदलतं. गाई वसंतात बाहेर सोडतात (उड्या मारत सुटतात त्या, ते बघायला लोक पोराबाळांना घेऊन जातात) आणि त्या पहिल्या कोवळ्या गवताच्या दुधाचं चीज जूनच्या आसपास विक्रीला येतं, जरा मऊ, जरा जास्त पिवळं. आम्ही जूनमध्येच गेलो होतो. मावशीने तो तुकडा तोंडात टाकला, बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "न तापवता बरं लागतंय." तिच्याकडून ही फार मोठी पावती आहे.

मग तिने तो प्रश्न विचारला जो प्रत्येक शाकाहारी मराठी माणसाने विचारायलाच पाहिजे आणि बरेच जण लाजेने विचारत नाहीत. दूध बसवायला काय घालता? पारंपरिक रेनेट वासराच्या चौथ्या जठरातून काढतात. भारतात पाकिटावर हिरवा ठिपका असतो, आपण तो बघतो आणि विषय संपतो. इथे फार्मगणिक वेगळं, कोणी वासराचं वापरतो, कोणी बुरशीपासून केलेलं शाकाहारी. या शेतकऱ्याने सरळ सांगितलं की माझ्या साध्या चीजमध्ये वासराचं आहे, मसाल्याच्या चीजमध्ये शाकाहारी आहे कारण ते घेणारे लोक विचारतात. बाटली आणून दाखवली. मावशीचं समाधान झालं, आणि त्या आधी चाखलेल्या तुकड्याबद्दल आम्ही तिघांनीही काही न बोलायचं ठरवलं.

जेवायच्या जागेचं माझं मत तिथे पक्कं झालं. चीज फार्मजवळ चांगली जागा कुठली, तर जिथे पावावर काय आहे हे तुम्हाला कोणीतरी सांगू शकेल ती. मोठे मोठे पॅरासोल, फुलांच्या कुंड्या, पाण्याकाठचं टेरेस, हे सगळं असेल आणि आत पावावर घाऊक पाकिटातला चौकोनी स्लाइस असेल, तर तुम्ही चीज फार्मजवळ आहात की एअरपोर्टवर, काय फरक पडतो? आणि असं होतं. अगदी फार्मच्या शेजारच्या गावातल्या कॅफेत विचारलंत की हे चीज कुठलं, तर पोरगी आत जाऊन येते आणि सांगते, गौडा. अगं बाई, ते मला पण माहितीये.

तरी कॅफेवाल्यांवर अन्याय नको, तिथे काय मिळतं ते सांगते. इथलं दुपारचं जेवण म्हणजे पाव. सकाळी पाव, दुपारी पाव, आणि गरम जेवण दिवसातून एकदा, संध्याकाळी सहाला. हे पचायला आपल्याला वर्षं लागतात. लंच कार्डवर हमखास असतो तो आउटस्मायटर, म्हणजे पावावर दोन-तीन हाफ फ्राय, खाली हॅम आणि चीज. हॅम नको सांगितलं तर काढून देतात, काकांसाठी हा उत्तम पर्याय. टोस्टी म्हणजे आपलं चीज टोस्ट, बरोबर केचप. टोमॅटो सूप दिसलं की शाकाहारी माणूस धावतो, आणि त्यात खालून मांसाचे बारीक गोळे वर येतात, तर आधी विचारा, ही सूचना मी प्रत्येकाला देते. पॅनकेकची ठिकाणं असतील तर लहान मुलांचा प्रश्न सुटतो, ताटाएवढा मोठा पॅनकेक, चीज घातलेला, वर काळा पाक ओतायचा, ऐकायला विचित्र पण लागतो मस्त. अंडं न खाणाऱ्याला मात्र तोही बंद. चाय गार्डन म्हणतात तशा बागा आहेत, शेतकऱ्याच्या घरामागे सफरचंदाच्या झाडाखाली चार टेबलं, चहा आणि ॲपल पाय, त्या मला फार आवडतात, पण ते जेवण नव्हे, आणि उन्हाच्या शनिवारी तिथे सायकलवाल्यांची अशी झुंबड असते की तीस घामट काका एकसारख्या घट्ट कपड्यांत रांगेत उभे.

आणि गावातलं फ्राइजचं दुकान. त्याला कमी लेखू नका. तिथे कास-सूफ्ले मिळतं, चीज भरलेला कुरकुरीत तळलेला खिसा, बटाटेवडा ज्यांच्या रक्तात आहे त्या माणसांसाठी परदेशात इतकी जवळची वस्तू दुसरी नाही. पहिला घास घाईने घेतलात तर टाळू भाजणार म्हणजे भाजणार. त्याच तेलात मांसाचे क्रोकेट तळलेले असतात, हे ज्यांना चालत नाही त्यांना सांगून टाकायचं, लपवायचं नाही.

आम्ही बाराला फार्मच्या दुकानात गेलो तर दाराला पाटी, बारा ते एक बंद. आत स्वयंपाकघराच्या खिडकीतून उकडलेल्या बटाट्यांचा आणि तळलेल्या कांद्याचा वास येत होता, आणि काका म्हणाले, "हे लोक तर गरम जेवतायत!" खरंच आहे ते. शहरात सगळे पावावर आले, पण शेतकरी घरात दुपारी गरम जेवायची पद्धत होती, पहाटे चारला उठणाऱ्या माणसाला संध्याकाळपर्यंत थांबणं परवडत नाही, आणि काही घरांत ती अजून आहे. म्हणजे त्या मैलोगणिक गवतात साडेबारा वाजता गरम ताट एकाच ठिकाणी होतं, आणि तिथे आपल्याला कोणी बोलवत नव्हतं. मावशी मात्र खिडकीकडे बघत इतकी रेंगाळली की मला भीती वाटली की ही आत जाऊन मीठ चाखेल.

दुकान बंद असलं तरी बाहेर कपाट होतं, बऱ्याच फार्मवर असतं. मशीन किंवा साधी फळ्यांची टपरी, कुलूप नाही, आत चीजचे कापलेले तुकडे, अंडी, लोणी, ताक, आणि पैसे टाकायला डबा किंवा फोनने भरायला चौकोनी कोड. काकांनी आजूबाजूला बघितलं, कोणी नाही. "आणि कोणी पैसे न टाकता नेलं तर?" मी म्हटलं नेतात काही जण, म्हणून हल्ली कॅमेरा पण असतो. तिकडे बघून काकांनी कॅमेऱ्याला हात केला.

त्या कपाटातून आम्ही जे घेतलं तेच आमचं जेवण. जिऱ्याचं चीज, हे लायडनच्या बाजूचं जुनं प्रकरण आहे, शतकानुशतकं जिरं घालतात, मसाल्याच्या जहाजांच्या आधीपासूनच युरोपात जिरं होतं. आणि मेथीदाण्याचं चीज. होय, मेथीदाणे, अख्खे, पिवळे, मऊ झालेले, आणि चव थोडी अक्रोडासारखी, कडूपणा नावाला. मावशी मेथीचे लाडू थंडीत खाते, तिच्या लेखी ही वस्तू सांध्यांसाठी औषधी आहे, तेव्हा पाव किलो सांध्यांच्या नावाने घेतलं. आणि एक बाटली ताक. इथलं ताक घट्ट, गार, मिठाशिवाय, पण ताकच, आणि म्हाताऱ्या डच लोकांना दुपारी पावाबरोबर तेच लागतं. काका म्हणाले ह्याला जरा आलं-कोथिंबीर पाहिजे होती, पण बाटली त्यांनीच संपवली.

जागा व्लिस्ट नदीच्या काठची. हास्त्रेख्तपासून स्खोनहोवनपर्यंत ही छोटी नदी जाते, नदी म्हणजे आपल्या ओढ्याएवढी, दोन्ही काठांनी अरुंद रस्ते, आणि डोकी छाटलेल्या विलो झाडांच्या रांगा. सायकलवाल्यांचा आवडता रस्ता, त्यामुळे मधे मधे बाकं आहेत, काहींना लाकडी टेबलसुद्धा. बाक निवडायचं कसं हे मी हल्ली गंभीरपणे घेते. सपाट प्रदेशात वारा पश्चिमेकडून येतो आणि त्याला अडवायला काही नसतं, जूनमध्येसुद्धा पाठीत शिरतो, त्यामुळे पूर्वेकडे तोंड करून बसायचं आणि पाठीशी झुडुपं किंवा धान्यकोठारासारखी एखादी भिंत हवी, पण भिंत गोठ्याची नको, कारण मग वास. बाकाजवळ टॉयलेट नसतं, तर आधी फार्मवर जाऊन यायचं, वयस्कर माणसं बरोबर असली की ही गोष्ट चीजपेक्षा महत्त्वाची. आणि एखाद्या कॅफेच्या टेरेसवर बसून आपला डबा उघडायचा नाही. हे आपले लोक करतात, अगदी निरागसपणे करतात, एक कॉफी घेऊन चारजणांचा डबा, आणि वेटर तोंड वाकडं करतो तेव्हा म्हणतात कसले हे लोक.

डबा होता, अर्थातच. मावशी डब्याशिवाय घराबाहेर पडत नाही, मग ते सांगलीतलं बसस्टँड असो की हॉलंड. पहाटे उठून माझ्या किचनमध्ये दशम्या केलेल्या, दुधात भिजवलेल्या, आणि तिकडून आणलेली शेंगदाण्याची चटणी, सोलापुरी, लालभडक. आम्ही गौडातून सकाळीच पाव घेतले होते, ते तसेच राहिले. दशमी, त्यावर लोणी, त्यावर मेथीच्या चीजचा पातळ काप, वर चिमूट चटणी. काप काढायला इथे प्रत्येक घरात एक खास पातं असतं, मधे फट असलेलं, ते मुळात नॉर्वेच्या एका सुताराने काढलं गेल्या शतकात आणि या लोकांनी आपलंच असल्यासारखं वापरलं. माझ्याकडे पर्समध्ये नव्हतं, काकांनी खिशातल्या चाकूने कापलं, जाडजूड, शेतकऱ्यासारखं, आणि तसंच जास्त चांगलं लागलं. मी नंतर घरी सगळी कॉम्बिनेशन करून बघितली म्हणून अधिकाराने सांगते, चटणीबरोबर कोवळं चीज घ्या, महिना-दोन महिन्यांचं. वर्षभर मुरलेलं जुनं चीज, ज्यात दाताखाली कण लागतात, त्याला चटणीची गरज नाही आणि चटणीला त्याची नाही, दोघं भांडतात. जुन्याबरोबर इथली मोहरीची पेस्ट बरी. जिऱ्याच्या चीजवर काहीच घालू नका.

दोन सायकलवाले शेजारच्या बाकावर बसले, साठीच्या पुढचे नवरा-बायको. त्यांनी डबा उघडला, ॲल्युमिनियम फॉइलमध्ये पावाचे चार तुकडे, मधे चीज, एक सफरचंद. काही लावलेलं नाही, लोण्याचा नुसता हात. दहा मिनिटांत उरकून निघून गेले. मावशी त्यांच्याकडे इतक्या करुणेने बघत होती की मी तिला थांबवलं, नाहीतर दोन दशम्या गेल्याच होत्या. "एवढ्या चांगल्या दुधाचा देश आणि जेवायला बघ कसे बसतात," हे तिचं म्हणणं. माझं म्हणणं वेगळं आहे. इतकं चांगलं दूध आहे म्हणूनच त्यांना वर काही घालावंसं वाटत नाही. यावर आम्ही परतीच्या रस्त्यावर बराच वेळ वाद घातला आणि काका मागे झोपले.

एक वाजल्यानंतर फार्मवर परत गेलो होतो, दुकान उघडल्यावर, कारण घरी न्यायला अख्खं छोटं चाक हवं होतं आणि ते कपाटात नव्हतं. भारतात न्यायचं असेल तर पूर्ण चाक घ्या, कापलेलं नको, वरचं आवरण शाबूत असलेलं चाक प्रवासात टिकतं, आणि तेही मागाल तर व्हॅक्यूम करून देतात. आणि रेनेट विचारा.

बाकी एक सूचना, ती कुठल्याच टुरिस्ट माहितीपत्रकात ठळक नसते. क्रिम्पेनरवार्डमधली बरीच गावं जुन्या, कडक प्रोटेस्टंट वळणाची आहेत आणि रविवारी तिथे फार्मचं दुकान बंद, बेकरी बंद, काही ठिकाणी तर बाहेरचं कपाटसुद्धा बंद. काळे कपडे घालून लोक चर्चला चालत जात असतात आणि तुम्ही भाड्याच्या गाडीतून चीज शोधत फिरताय, हे दोघांनाही बरं दिसत नाही. सोमवारी मग कॅफे बंद, कारण त्यांची सुट्टी. मंगळवार ते शनिवार, सकाळी नऊच्या सुमारास, हे धरून चला. माझी नणंद पुढच्या महिन्यात येतेय आणि तिला फक्त रविवारच मोकळा आहे. तिला मी रेवाइकच्या तळ्यांकडे नेणार, गौडाच्या पलीकडच्या बाजूला, तिथे रविवारी सगळं चालू असतं, पॅनकेक मिळतात, आणि ती अंडं खाते.